दप्तर रात्रीच भरून घ्या
एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी शांत बसणं अवघड जातं अशी मेंदूच्या वाढीशी संबंधित अवस्था) असलेल्या मुलाला "दात घास, कपडे बदल, डबा घे, चल लवकर" असं एका दमात सांगितलं की त्यातलं एखादंच डोक्यात राहतं, बाकीचं निसटतं, तो मुद्दाम करत नाही हो! म्हणून एका वेळी एकच सांगा, जवळ जाऊन, आणि त्यालाच परत म्हणायला लावा. दप्तर मात्र रात्रीच, जेवण झालं की लगेच, रोज त्याच जागी. तिथेच भिंतीवर चित्रांचा तक्ता लावा, वह्या, कंपास, पाण्याची बाटली, आयकार्ड, वस्तू आत गेली की त्यानेच टिक करायची, तुम्ही भरून देऊ नका, नुसतं शेजारी बसा. झालं की लगेच शाबासकी. सुट्टीनंतर घडी विस्कटतेच, तेव्हा न रागावता परत तक्त्यापासून सुरू करा.