गोधडीचं पहिलं मशीन विकायचं कसं

घरापुरत्या गोधड्या शिवता शिवता शेजारच्या गावातून ऑर्डरी येऊ लागल्या, की पहिलं काळं पायमशीन कुरकुरायला लागतं. पण ते खरंच लहान पडलंय की नीट लावलेलं नाही, हे आधी पाहा. सुई १८ नंबरची लावा, टाका मोठा करा, फुटाचा (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा) दाब वरच्या स्क्रूनं थोडा सैल करा आणि शिलाई गोधडीच्या मधोमध सुरू करून कडेकडे न्या. अशानं मशीनच्या पोटात, म्हणजे सुई आणि खांब यांच्यामधल्या जागेत, कधीच अर्ध्याहून जास्त गोधडी गुंडाळून घालावी लागत नाही. एवढं करूनही गुंडाळी त्या सहा-सात इंचांत अडकत असेल, तर मोठं मशीन घ्या.

मोठं घेताना मोटर विचारून घ्या. क्लच मोटर शिलाई थांबली तरी फिरत राहते आणि वीज खाते. सर्वो मोटर तुम्ही थांबलात की थांबते. शिंपीकाम करणाऱ्यांना २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आहे. त्याचा अर्ज सीएससी केंद्रातून जातो आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते.

नवं आलं म्हणून जुनं लगेच काढू नका. गावात लाइन गेली की मोटरचं मशीन नुसतं टेबल होतं, आणि ऑर्डर तर अर्धवट पडलेली असते. एक हंगाम दोन्ही ठेवा. तेवढ्यात पायमशीनची गरज पडलीच नाही, तर मग गिऱ्हाईक शोधा.

त्याचीही वेळ असते. मृगाच्या तोंडावर घराघरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. तेव्हा विचाराल तर भाव पाडूनच मागतील. सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीला शेतात करतात ती पूजा) होऊन कापसाचे पहिले वेचे विकले गेले, की घरात चार पैसे खेळतात. दिवाळी ते संक्रांत हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो.

विकण्याआधी कापड पुढे सरकवणाऱ्या दातांत अडकलेला कापसाचा लगदा सुईनं काढा. तेल चिकटून मशीन जड झालं असेल तर रॉकेलचे दोन-चार थेंब टाकून फिरवा, पुसा, मग मशीनचंच पांढरं तेल घाला. खोबरेल किंवा खायचं तेल अजिबात नको, ते सुकून चिकट होतं. पट्टा ढिला असेल तर कापून पुन्हा जोडा.

भंगारवाला वजनावर भाव करतो, त्याच्याकडे शेवटी जा. आधी मेकॅनिकला किंमत विचारा आणि बचत गटाच्या बैठकीत सांगा. ब्लाउज-फॉल शिकणाऱ्या मुलीला हेच मशीन पुष्कळ वर्षं पुरतं. हप्त्यानं देणार असाल तर गटाच्या वहीत लिहून घ्या; नात्यातल्या माणसाशी तर नक्कीच.

कात्री आणि हातटाक्याच्या सुया स्वतःकडे ठेवा, गोधडीची कड हातानं घालायला लागतातच. बॉबिन केस (खालच्या धाग्याच्या रिळाची डबी) मात्र मशीनबरोबरच द्या. ती त्या शटलमध्ये बसलेली असते. दुसरी टाकली तर टाका बिघडू शकतो. सुती साड्यांचे तुकडे वेगळे काढा, सिंथेटिकचे देऊन टाका.

नेणाऱ्या बाईला तुमच्यासमोर धागा ओवायला लावा, साडीच्या चार पदरांवर वीतभर शिलाई मारू द्या, उलटून खालचा टाका दाखवा. पैसे त्यानंतर मोजून घ्या.