एफ१ मधे कोण कुठे गेलं आणि रेस किती वाजता, हे लक्षात ठेवायची माझी पद्धत

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या एफ१ म्हणजे फॉर्म्युला वन कार रेसिंग बघणाऱ्या ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात, अरे सेन्झ आता कुठल्या टीममधे असतो, सॉबर टीम कुठे गेली, ही कॅडिलॅक टीम मधेच कुठून आली, रेस रविवारी आहे का सोमवारी पहाटे. एक सीझन नीट बघितला नाही की पुढच्या वर्षी सगळं अनोळखी वाटायला लागतं आणि मग माणूस बघणंच सोडतो, माझ्या ओळखीतले निदान चारजण असेच सुटलेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून मी जे करतो ते सविस्तर लिहितोय. लागतं काय तर एक शंभर पानी वही, पेन्सिल, खोडरबर. पेन नको, का ते पुढे कळेल.

आधी टीम. वहीत एका पानावर डाव्या बाजूला टीमची नावं लिहाल, पण नावाच्या शेजारी फॅक्टरीचं गाव नक्की लिहा. हे मी शिकलो फोर्स इंडियामुळे. २००८ ला विजय मल्ल्यांची टीम आली तेव्हा आम्ही वेड्यासारखे तिच्या मागे होतो, २००९ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फिसिकेलाने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली आणि रेसमधे दुसरा आला तो दिवस अजून आठवतो. मग २०१८ च्या जुलैमधे टीम आर्थिक अडचणीत प्रशासकाच्या ताब्यात गेली, लॉरेन्स स्ट्रोलच्या गटाने ती घेतली, कागदोपत्री नवीन टीम म्हणून तोपर्यंतचे ५९ पॉइंट गेले आणि बेल्जियमपासून शून्यावरून सुरुवात. मला वाटलं संपली आपली टीम. पण संपली नव्हती, लोक तेच होते, सिल्व्हरस्टोनची जागा तीच होती. १९९१ ला तिथूनच जॉर्डन सुरू झाली, २००६ ला मिडलँड, २००७ ला स्पायकर, मग फोर्स इंडिया, मग रेसिंग पॉइंट आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन. म्हणजे २००५ ला आपला नारायण कार्तिकेयन ज्या टीममधून एफ१ मधे उतरला तीच ही टीम, आज हिरव्या रंगात अलोन्सो चालवतो ती. हे कळल्यावर ॲस्टन मार्टिनकडे बघायची माझी नजरच बदलली.

बऱ्याच जुन्या टीमांचं असंच आहे. मर्सिडीज म्हणजे मुळात टायरेल, मग बीएआर, होंडा, २००९ ची ब्रॉन आणि २०१० पासून मर्सिडीज. रेड बुल म्हणजे स्टुअर्ट, मग जॅग्वार, मग २००५ पासून रेड बुल. अल्पीन म्हणजे टोलमन, बेनेटन, रेनो, लोटस, परत रेनो आणि आता अल्पीन, बेनेटनच्या काळापासून गाव मात्र एन्स्टनच. रेसिंग बुल्स म्हणजे इटलीतली जुनी मिनार्डी. आणि या वर्षी, म्हणजे २०२६ ला, जी ऑडी दिसते ती म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या हिनविलची सॉबर, ड्रायव्हरसुद्धा तेच, हल्केनबर्ग आणि बोर्टोलेटो. त्यामुळे २०२६ ला टीम दहाच्या अकरा झाल्या तरी खरी नवीन एकच, कॅडिलॅक. बाकी सगळ्यांना तुम्ही ओळखता, फक्त पाटी बदललीये.

गावाच्या शेजारी इंजिनचा एक रकाना करा, या वर्षी तो फार महत्त्वाचा आहे. रेनोने स्वतःचं इंजिन बंद केलं, अल्पीनला आता मर्सिडीजचं. होंडा रेड बुलकडून ॲस्टन मार्टिनकडे. रेड बुलचं स्वतःचं इंजिन, सोबत फोर्ड. ऑडीचं स्वतःचं. कॅडिलॅकला फेरारीचं. नियमही मोठे बदललेत, जवळजवळ निम्मी ताकद विजेची आणि डीआरएस (ओव्हरटेक करायला मागचा पंख उघडायची सोय) गेलं, त्यामुळे गेल्या वर्षीचा क्रम डोक्यात ठेवून बसू नका.

आता ड्रायव्हर. इथे लोक चुकतात ते असं, की प्रत्येक बातमी वेगळी वाचतात. हॅमिल्टन फेरारीत, ही एक बातमी, सेन्झ विल्यम्समधे, ही दुसरी, आणि मग चार महिन्यांनी काहीच आठवत नाही. त्यापेक्षा बातमी आली की एकच प्रश्न विचारायचा, याच्यामुळे कुठली सीट रिकामी झाली आणि कोण उभं राहिलं. संगीत खुर्चीसारखं, फक्त खुर्च्या ठरलेल्या, २०२५ पर्यंत वीस आणि आता बावीस.

१ फेब्रुवारी २०२४ चं उदाहरण घ्या. सीझन सुरू पण झाला नव्हता आणि जाहीर झालं की २०२५ ला हॅमिल्टन फेरारीत. वहीत बाण काढा. हॅमिल्टन आला म्हणजे सेन्झ उभा राहिला, आणि मर्सिडीजची एक सीट रिकामी झाली. सेन्झने जुलैच्या शेवटी विल्यम्स घेतली. मर्सिडीजने ऑगस्टच्या शेवटी इटलीतल्या मॉन्झाच्या रेसला अँटोनेलीचं नाव सांगितलं, तेव्हा तो नुकताच अठराचा झालेला. मधल्या काळात ओकॉन अल्पीनमधून हासमधे, हल्केनबर्ग हासमधून सॉबरमधे, पुढे बोर्टोलेटोही तिथेच, म्हणजे सॉबरचे बोटास आणि झोऊ दोघं बाहेर. बोटास मर्सिडीजमधे रिझर्व्ह, म्हणजे राखीव ड्रायव्हर, म्हणून बसला आणि आता २०२६ ला कॅडिलॅकमधे परत. बघा, एका हॅमिल्टनच्या बाणाला धरून अर्धा ग्रिड, म्हणजे निम्मे ड्रायव्हर, पाठ झाला. आणि बाण काढलेला असला की पुढे निकाल बघायला पण मजा येते, कारण २०२५ मधे हॅमिल्टनला चीनची स्प्रिंट, म्हणजे शनिवारची छोटी रेस, मिळाली पण एकाही मुख्य रेसला पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत जागा, नाही, आणि ज्याला फेरारीने उठवलं तो सेन्झ विल्यम्समधून बाकू आणि कतारला तिसरा आला.

कॉन्ट्रॅक्टची बातमी कशी वाचायची हे थोडं नीट सांगतो कारण फसवणूक इथेच होते. टीमने जाहीर केलं एवढ्यावर पेन चालवू नका, त्या पत्रकात ड्रायव्हरचं स्वतःचं वाक्य आहे का ते बघा. २०२२ चा ऑगस्ट आठवा, फेटेलने जुलैअखेर रिटायरमेंट सांगितली, लगेच १ ऑगस्टला अलोन्सो ॲस्टन मार्टिनमधे, आणि दुसऱ्याच दिवशी अल्पीनने पियास्त्रीचं नाव जाहीर करून टाकलं. त्या पत्रकात पियास्त्रीचा एक शब्द नव्हता. काही तासांत त्याने स्वतः लिहिलं की मी सही केलेली नाही, पुढच्या वर्षी मी अल्पीनसाठी चालवणार नाही. त्याने मॅक्लारेनशी करार केला होता, त्यामुळे प्रकरण कॉन्ट्रॅक्ट रेकग्निशन बोर्डाकडे गेलं, एफ१ मधे अशा भांडणांसाठीच हे मंडळ आहे, आणि त्यांनी मॅक्लारेनच्या बाजूने निकाल दिला. आता तो मॅक्लारेनमधे रेस जिंकतो.

दुसरं म्हणजे वाढीव कॉन्ट्रॅक्ट म्हणजे पक्की सीट असं समजू नका. २०२४ च्या जूनमधे रेड बुलने पेरेझला दोन वर्षं वाढवून दिली, डिसेंबरमधे तो बाहेर. त्याच्या जागी लॉसन आला, त्याला मिळाल्या दोन रेस, ऑस्ट्रेलिया आणि चीन, जपानपासून त्सुनोदा. आता २०२६ ला त्सुनोदा रिझर्व्ह आणि व्हर्स्टॅपेनच्या शेजारी हाजार. अल्पीनच्या डूहानला पण २०२५ मधे सहा रेसनंतर उठवलं आणि इमोलापासून कोलापिंटो बसला. हे असं होतं म्हणून पेन्सिल. माझ्या वहीत रेड बुलच्या दुसऱ्या सीटचा कागद खोडून खोडून विरलाय. व्हर्स्टॅपेन स्वतः असाच वर आला होता, २०१६ ला चार रेसनंतर क्व्यातला खाली पाठवून याला वर घेतलं आणि पहिल्याच रेसला स्पेनमधे जिंकला, अठराव्या वर्षी.

नंबर लक्षात ठेवून गाडी ओळखायची सवय असेल तर या वर्षी जरा थांबा. नॉरिस २०२५ चा चॅम्पियन, व्हर्स्टॅपेनपेक्षा फक्त दोन पॉइंट जास्त, त्यामुळे १ नंबर आता त्याच्याकडे, आणि व्हर्स्टॅपेनने ३ घेतलाय.

ड्रायव्हरच्या खाली अजून एक ओळ ठेवा, इंजिनिअर आणि टीम प्रिन्सिपल म्हणजे टीमच्या प्रमुखाची. बहुतेक लोक ही ओळ सोडतात आणि माझ्या मते पुढच्या दोन वर्षांचा अंदाज यातच असतो. गाड्यांचा नामांकित डिझायनर एड्रियन न्यूई रेड बुल सोडतोय हे मे २०२४ मधे कळलं, सप्टेंबरमधे ॲस्टन मार्टिनने नाव जाहीर केलं, पण कामाला लागला तो मार्च २०२५ मधे, कारण मधे गार्डनिंग लीव्ह असते, म्हणजे पगार चालू पण दुसरीकडे काम करायचं नाही, डोक्यातली माहिती जरा शिळी होऊ द्यायची. त्यामुळे माणूस बदलल्याची बातमी आणि गाडीवर त्याचा परिणाम यात सहज दीड-दोन वर्षं जातात, तारीख लिहून ठेवली तर हे दिसतं. रॉब मार्शल रेड बुलमधून मॅक्लारेनमधे २०२४ च्या सुरुवातीला रुजू झाला, त्याच वर्षी मॅक्लारेनने कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे टीमांची चॅम्पियनशिप, जिंकली, १९९८ नंतर पहिल्यांदा. एकट्याचं श्रेय नाही, पण नोंद करण्यासारखं नक्की आहे. जुलै २०२५ मधे टीम प्रिन्सिपल हॉर्नर रेड बुलमधून गेला आणि मेकिज आला, तीही तारीख माझ्याकडे आहे.

आपल्याकडची पोरं बघायची असतील तर एफ२, म्हणजे एफ१ च्या खालच्या पायरीसाठी, अर्धं पान ठेवा. मुंबईचा जेहान दारुवाला २०२० ते २०२३ चार सीझन एफ२ मधे होता, त्यातला बराच काळ रेड बुलच्या ज्युनियर प्रोग्राममधे, पण सीट काही उघडली नाही आणि तो विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई कडे गेला. वरच्या वीस खुर्च्या किती घट्ट असतात ते त्याच्याकडे बघून कळतं.

आता वेळापत्रक, म्हणजे आपल्यासाठी खरी अडचण. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यांची हलतात. पण एक सोपं आहे, युरोपातल्या सगळ्या रेस उन्हाळी वेळेतच येतात, तिकडे दुपारी तीन म्हणजे इकडे संध्याकाळी साडेसहा, इंग्लंडची तेवढी साडेसात. हे एकदा पाठ झालं की निम्मं काम झालं. मेलबर्न सकाळी साडेनऊ, जपान साडेदहा, चीन साडेबारा, सिंगापूर साडेपाच, अबू धाबी साडेसहा. त्रास अमेरिकेचा. २०२५ मधे ऑस्टिन रात्री साडेबारा आणि मायामी, मेक्सिको दीड वाजता, म्हणजे कॅलेंडरवर रविवार लिहिलेला असला तरी आपला सोमवार लागलेला असतो, अलार्म सोमवारचा लावा. लास व्हेगास उलटं, तिकडे शनिवार रात्र, आपल्याकडे रविवारी सकाळी चहासोबत, साडेनऊला.

आणि वेळ रेसच्या दिवशी सकाळी परत एकदा बघा. ३ नोव्हेंबर २०२४ ला ब्राझीलची रेस पावसाच्या भीतीने दीड तास अलीकडे आणली, मी नेहमीप्रमाणे साडेदहाला लावली तर रेस अर्ध्यावर गेलेली, आणि त्याच दिवशी व्हर्स्टॅपेन सतराव्या नंबरवरून जिंकला. ती सुरुवात मी लाइव्ह बघितली नाही याची रुखरुख अजून आहे.

कॅलेंडर जाहीर झालं की क्रम का तसा आहे ते पण बघा, मग तो लक्षात राहतो. २०२४ ला बहारीन आणि सौदीच्या रेस शनिवारी होत्या, कारण रमजान, आणि २०२५ ला रमजान मार्चमधेच असल्याने सुरुवातच मेलबर्नला गेली. जपान पूर्वी शरद ऋतूत असायची, २०२४ पासून एप्रिलच्या आसपास आणली, विमानाच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून. त्याच कारणाने २०२६ च्या कॅलेंडरमधे कॅनडा मेमधे मायामीच्या मागोमाग टाकलीये. इमोला गेली, माद्रिद आली आणि स्पॅनिश ग्रां प्री हे नाव माद्रिदला गेलं, बार्सिलोनाची रेस जूनमधे आहेच पण वेगळ्या नावाने, तिथे गोंधळू नका. बाकूची रेस शनिवारी आहे, २६ सप्टेंबर, लाल रंगाने लिहा. स्प्रिंटच्या आठवड्याला एस लिहा, शुक्रवारीच क्वालिफाइंग (सुरुवातीच्या जागा ठरवणारी फेरी) सुरू होतं आणि सराव एकच, त्यामुळे फक्त रविवार बघणाऱ्याचं बरंच काही निसटतं.

हंगेरीनंतर जुलैअखेर ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेस नाही, फॅक्टऱ्या पण सक्तीने बंद असतात. पण सीटच्या बातम्या तेव्हाच फुटतात, अलोन्सो, पियास्त्री सगळं त्याच काळातलं, कॅडिलॅकनेही पेरेझ-बोटासची नावं २०२५ च्या ऑगस्टअखेरीस सांगितली. त्यामुळे तेव्हा वही कपाटात टाकू नका.

शेवटचं काम, वहीतल्या तारखा घरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर उतरवून घ्या, आणि हे घरातल्यांसोबत बसून करा. मी केलं तेव्हा दिसलं की माद्रिदची पहिलीवहिली रेस १३ सप्टेंबरच्या रविवारी आहे आणि दुसऱ्या दिवशी गणपती, म्हणजे मखराचं काम शनिवारीच उरकायला लागणार. आणि ब्राझील ८ नोव्हेंबरला, नेमकी लक्ष्मीपूजनाच्या रात्री. पूजा, फराळ, पाहुणे सगळं आटपून रात्री टीव्हीसमोर बसता येईल असं आईला आत्ताच सांगून ठेवलंय.