खाणीची जनसुनावणी लागण्याआधी ग्रामसभेने करावयाची तयारी

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील ज्या सुरजागडच्या डोंगरातून आज लोहखनिज काढले जाते, तो माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचा डोंगर आहे आणि जानेवारीत तिथे पंचक्रोशीतील गावांची यात्रा भरते. भाडेपट्ट्याच्या कागदावर मात्र डोंगर हेक्टरांत आणि टनांत मोजला जातो. देवस्थान, झरा, मोहाची झाडे यांची नोंद गावाने स्वतः केली नाही, तर ती बहुधा कुठेच होत नाही. म्हणून तयारीची सुरुवात पर्यावरण मंजुरीआधी होणाऱ्या जनसुनावणीच्या नोटिशीपासून नव्हे, तिच्या कितीतरी आधी व्हायला हवी.

सर्वांत आधी 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाच्या पारंपरिक जंगलावरील हक्काचा, दावा नमुना 'क' मध्ये दाखल करावा. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावरील हक्क याच कायद्याखाली मिळवला. दाव्यासाठी किमान दोन पुरावे लागतात, आणि गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो. सीमा टेबलावर बसून आखू नये. ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीने जाणत्या स्त्री-पुरुषांसोबत शिवार पायी फिरावे, कारण उन्हाळ्यात कोणत्या झऱ्याला पाणी टिकते आणि चारोळी कुठून आणतात हे रोज रानात जाणाऱ्या बायकांना नेमके ठाऊक असते. प्रत्येक जागेचे माडिया नाव जसेच्या तसे लिहावे. स्मशान, चराई, देवाची जागा, तेंदूपत्त्याचे आणि बांबूचे क्षेत्र नकाशावर दाखवावे. शेजारच्या गावाची हद्द लागते तिथे त्या गावकऱ्यांनाही बोलवावे, म्हणजे पुढे दोन गावांत भांडण लावायला कुणाला जागा उरत नाही.

घाई करण्याला कारण आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑगस्ट 2009 च्या परिपत्रकाने वनजमीन खाणीसारख्या कामासाठी वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली होती. 2022 च्या वन (संवर्धन) नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी राज्य सरकारवर सोडल्याने केंद्राची मंजुरी आधी आणि गावाचा प्रश्न नंतर, असे घडू शकते. शिवाय पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, ग्रामसभेची पूर्वशिफारस सक्तीची आहे ती वाळू, मुरूम यांसारख्या गौण खनिजांसाठी. लोहखनिज गौण नाही. त्यामुळे केवळ 'पेसा लागू आहे' एवढ्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

ग्रामसभेत खाणीविषयी ठराव करताना वनहक्क नियमांनुसार निम्म्या सभासदांची गणपूर्ती आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला असल्याची खात्री करावी. मजकूर वाचून दाखवल्याशिवाय कुणीही सही किंवा अंगठा देऊ नये. ठरावाची शेवटची ओळ आणि पहिली सही यांच्यामध्ये कोरी जागा राहिली असेल तर तिथे आडवी रेघ मारावी आणि पानाचा फोटो त्याच दिवशी काढावा. 'आमचा विरोध आहे' एवढेच न लिहिता कोणता हक्क बाधित होतो ते लिहावे. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांकडे सोपवला. डोंगरिया कोंध आदिवासींच्या त्या डोंगरपट्ट्यात झालेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि जानेवारी 2014 मध्ये मंत्रालयाने परवानगी नाकारली.

जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघावी लागते. तेवढ्या काळात खाणीच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश मागवून गावात मोठ्याने वाचावा आणि त्यातील झरे, ओढे, घरे आपल्या नकाशाशी ताडून पाहावीत. जे सुटले असेल ते लेखी हरकतीत मांडून पोच घ्यावी. सुनावणीत वयस्कर माणसांनी माडियातच बोलावे, मात्र दुभाषी गावाने आपला न्यावा. परक्याच्या भाषांतरात नेमका मुद्दा गळतो. सुनावणीचे चित्रीकरण होणे बंधनकारक आहे, तरीही आपल्या माणसाने वक्त्यांची नावे आणि मुद्दे वहीत टिपावेत.

भाषणे संपली की लोक गाडी गाठायला उठतात, तसे उठू नये. कार्यवृत्ताचा सारांश त्याच ठिकाणी स्थानिक भाषेत वाचून दाखवणे आणि जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने त्यावर त्याच दिवशी सही करणे नियमात आहे. तो वाचला जात असताना आपली वही उघडून एकेक मुद्दा जुळवावा आणि जो आला नसेल तो सही होण्याआधी तिथेच उभे राहून लिहून घ्यायला लावावा.