आधी साल ठरवा, मग रंग
फोर्ड मॉडेल टी या जुन्या मोटारीच्या छोट्या प्रतिकृतीचं किट उघडलं की हात आधी रंगाच्या डबीकडे जातो. थांबा, आधी साल ठरवा. १९१४ ते १९२५ या काळात ही गाडी फक्त काळ्या रंगात निघायची. लाल हवीच असेल तर १९०९ची करा, पण मग रेडिएटर पितळी हवा. माझी पहिली लाल टी काळ्या रेडिएटरची झाली, अजून कपाटात मागे तोंड लपवून उभी आहे! काळा रंगही डबीतला तसाच मारू नका. एवढ्याशा मॉडेलवर तो डांबर फासल्यासारखा दिसतो. दोन-चार थेंब गडद करडा मिसळा, कडा उठून दिसतात. आणि जांभळीच आवडते? बिनधास्त रंगवा, फक्त खालच्या पाटीवर साल लिहू नका.