मेनिंजायटिसची साथ आली, कल्चर निगेटिव्ह, मग व्हायरस शोधायचा कसा?

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला आलेली सूज. एकाच भागातली पाच-सहा पोरं ताप, डोकेदुखी, उलट्या, मान आखडलेली अशी पाठोपाठ ॲडमिट होतात, पाठीतल्या पाण्यात (म्हणजे सीएसएफमध्ये) ग्रॅम स्टेनला (बॅक्टेरिया रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायची टेस्ट) काही दिसत नाही, कल्चरला (बॅक्टेरिया वाढवून बघायची टेस्ट) काही वाढत नाही. अशा वेळी मागे बहुतेकदा एन्टेरोव्हायरस (आतड्यात वाढणाऱ्या व्हायरसचा एक गट) असतो, पण बहुतेकदा असतो म्हणून तसा रिपोर्ट देता येत नाही ना.

आधी सीएसएफचा साधा रिपोर्ट नीट बघा. पेशी वाढलेल्या, शुगर नॉर्मल, प्रोटीन थोडंसंच वर, असं चित्र पाहिजे. पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल (एरवी बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त असू शकतात त्यामुळे तेवढ्यावरून व्हायरस नाही असं ठरवू नका. शुगर कमी असेल तर टीबी डोक्यात ठेवा, आणि ॲडमिट व्हायच्या आधी कुणी अँटिबायोटिक दिलंय का हे विचाराच, कारण अर्धवट ट्रीटमेंट झालेला बॅक्टेरियल मेनिंजायटिस पण कल्चरला निगेटिव्ह येतो. कोकणात पावसाळा असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पण बघून घ्या.

आता सॅम्पल. नुसत्या सीएसएफवर भागत नाही, प्रत्येकाचा घशाचा स्वॅब आणि स्टूल पण घ्या आणि आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घ्या. सीएसएफमधला व्हायरस लवकर कमी होतो, स्टूलमध्ये मात्र तो कितीतरी आठवडे येत राहतो. एन्टेरोव्हायरस 71 हा टाइप तर सीएसएफमध्ये बऱ्याचदा सापडतच नाही, घशात आणि स्टूलमध्ये सापडतो. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये आइस पॅक घालून 2 ते 8 डिग्रीला पाठवा, लगेच जाणार नसेल तर उणे 70 ला ठेवा, आणि लेबलवर ताप कधी सुरू झाला ती तारीख लिहा, ती नसली की पुढे रिझल्टचा अर्थ लावताना फार अडतं.

लॅबमध्ये पहिली टेस्ट आरटी-पीसीआर, व्हायरसच्या जीनोमच्या 5 प्राइम यूटीआर या भागावर (सुरुवातीचा भाग, ज्यातून प्रोटीन बनत नाही). हा भाग सगळ्या एन्टेरोव्हायरसमध्ये जवळपास सारखाच, म्हणून टेस्ट सगळ्यांना पकडते, पण नेमका कुठला ते मात्र सांगत नाही. "एन्टेरोव्हायरस पॉझिटिव्ह" लिहून बरेच जण इथेच थांबतात आणि मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे पल्स पोलिओ झाल्यावर काही आठवडे लहान मुलांच्या स्टूलमध्ये लसीतलाच पोलिओव्हायरस येत असतो, तोही एन्टेरोव्हायरसच, टेस्ट पॉझिटिव्ह येणारच! शिवाय धडधाकट पोरांच्या स्टूलमध्ये पण हे व्हायरस सापडतात.

म्हणून टाइप काढायचाच. त्यासाठी व्हीपी1 जीनचं (व्हायरसच्या बाहेरच्या कवचातल्या प्रोटीनचा जीन) सीक्वेन्सिंग करतात, म्हणजे त्यातली अक्षरं (न्यूक्लिओटाइड) क्रमाने वाचतात, माहितीतल्या एखाद्या टाइपशी न्यूक्लिओटाइड 75 टक्क्यांच्या वर जुळले की साधारणपणे तो टाइप धरतात. पूर्वी आरडी वगैरे सेल लाइनमध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत) व्हायरस वाढवून अँटिसीरमच्या पूलने न्यूट्रलायझेशन करायचे, म्हणजे कुठल्या अँटिबॉडींनी व्हायरस निकामी होतो ते बघायचे, त्यात आठवडे जायचे, पण कल्चर अजूनही सोडू नये, हातात जिवंत व्हायरस राहतो. 2003 मध्ये अमेरिकेत बऱ्याच राज्यांत साथी आल्या तेव्हा टाइप काढला म्हणूनच एको 9 आणि एको 30 असे दोन वेगळे एन्टेरोव्हायरस फिरतायत हे कळलं. वेगवेगळ्या पेशंटमध्ये तोच टाइप, त्यातल्या काहींच्या सीएसएफमध्ये पण तोच, सीक्वेन्स एकमेकांशी अगदी जवळचे, असं जुळलं की मग खात्रीने नाव लिहा.

सगळे निगेटिव्ह आले तर? पेशंट अगदी तान्ही बाळं असतील तर पॅरेकोव्हायरस (एन्टेरोव्हायरसचा लांबचा नातेवाईक) बघा, एन्टेरोचे प्राइमर त्याला पकडत नाहीत आणि सीएसएफमध्ये पेशीही बऱ्याचदा वाढत नाहीत. गालगुंड आलेली पोरं असतील तर मम्प्स, आणि तेव्हा लस कधी दिली ते विचारा, ब्राझीलमध्ये साल्वाडोरला 1997 साली मम्प्सचा उराबे स्ट्रेन असलेल्या एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीची) मोठी मोहीम झाली आणि पाठोपाठ मेनिंजायटिसच्या केसेस वाढल्या होत्या. पोरगं बेशुद्ध होतंय, झटके येतायत, तर तो एन्सेफलायटिस (मेंदूलाच सूज), तिथे जेई (जपानी एन्सेफलायटिस) आणि चांदीपुरा व्हायरसची तपासणी वेगळी लावा. आणि पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला तर बाकी कशाचीही वाट न बघता एएफपी (अचानक आलेला लुळेपणा, पोलिओवर नजर ठेवायला याची नोंद होते) म्हणून त्याच दिवशी कळवा, 24 तासांच्या अंतराने स्टूलची दोन सॅम्पल लागतात.

टाइपिंगला वेळ लागतो, पण पीसीआरचा रिझल्ट आला की वॉर्डला लगेच फोन करा. सीएसएफच पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टरांना अँटिबायोटिक थांबवायचा निर्णय घेता येतो. आणि शाळेला साबणाने हात धुवायला सांगा, या व्हायरसवर अल्कोहोलवाला सॅनिटायझर फारसा चालत नाही.