घरची स्पर्धा आणि कामाला माणूस नाही? या चुका टाळा

आमच्या कबड्डी क्लबच्या यादीत ४२ नावं होती. झोनल स्पर्धा आमच्याच कॉलेजवर होती आणि त्या सकाळी ७ वाजता मैदानावर आले ६ जण. पाहुण्या टीम गेटमधून आत येत होत्या, दुसऱ्या ग्राउंडची मार्किंग अर्धी राहिली होती आणि फक्कीचं घमेलं घेऊन मी आणि आमचे शिपाईमामा वाकलो होतो. त्या दिवशी पोरांचा फार राग आला. "आजकालच्या पोरांना कामाची सवयच नाही," असं मी स्टाफरूममध्ये बोलूनही गेलो.

ते बोलणं चुकीचं होतं. हीच पोरं गणपतीच्या मिरवणुकीत पहाटेपर्यंत ट्रॅक्टरमागे चालतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या तालमीची फुटबॉल मॅच असली की पाण्याच्या बाटल्यांपासून झेंड्यापर्यंत सगळं स्वतः बघतात, आणि कुणी सांगायला लागत नाही. तालमीत त्याला ओळखणारं माणूस असतं, ठरलेलं काम असतं आणि तो नाही आला तर संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी विचारतं. कॉलेजच्या स्पर्धेत या तिन्ही गोष्टी आपणच पोराकडून काढून घेतो. कशा, ते सांगतो. यातली प्रत्येक चूक मी स्वतः केली आहे.

ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं होणं

"सर्वांनी उद्या सकाळी ठीक ७ वाजता मैदानावर उपस्थित राहावे." खाली तीस अंगठे येतात आणि आपण निर्धास्त झोपतो. 'सर्वांनी' म्हणजे कुणीच नाही. प्रत्येकाला वाटतं, बाकीचे आहेतच की.

माणसाला समोर गाठून विचारा, आणि किमान आठ दिवस आधी. "शनिवारी सकाळी ८ ते ११, दोन नंबर ग्राउंड, पाणी आणि खेळाडूंच्या बॅगा तुझ्याकडे. जमेल का बाळा?" काम एकच, वेळ सुरू कधी आणि संपणार कधी हे दोन्ही. संपायची वेळ सांगितली नाही तर पोरगं मनात पूर्ण दिवस धरतं आणि तिथंच बिचकतं. 'नाही जमणार' म्हणाला तर आनंदानं ऐकून घ्या. आठ दिवस आधीचा नकार म्हणजे आठ दिवसांची सवड. ग्रुपवर मेसेज टाका, पण फक्त आठवणीसाठी.

खेळणाऱ्यालाच राबवणं

घरच्या स्पर्धेत आपल्याच टीमची पोरं सकाळी खुर्च्या लावतात, मॅट अंथरतात, मंडप धरतात आणि ९ वाजता पहिल्या सामन्याला उतरतात. वॉर्मअप नाही, पोटात काही नाही. हरली की बोलणीही तीच खातात. पुढच्या वर्षी ती का येतील?

यावर उपाय आपल्या शेतातच आहे, तो म्हणजे पैरा. आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. कबड्डीच्या दिवशी खो-खो आणि ॲथलेटिक्सच्या पोरांनी काम बघायचं, खो-खोच्या दिवशी कबड्डीवाल्यांनी. ज्याचा सामना आहे त्याच्यावर त्या दिवशी एकही काम नाही. हे सुरुवातीला जमत नाही, कारण प्रत्येक क्लबला वाटतं आपलंच काम जास्त. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला जिमखान्यात सगळ्या क्लबच्या कॅप्टननी एकत्र बसून तारखा मांडायच्या आणि कुणी कुणाचा किती पैरा फेडायचा ते फळ्यावर लिहायचं. आमच्याकडे हा फळा लागल्यापासून खो-खोची पोरं विचारत येतात, "सर, आमचा पैरा कधी आहे?" पैरा फेडायचा असतो हे गावाकडच्या पोराला शिकवावं लागत नाही.

घड्याळ शहराचं लावणं

कोल्हापुरातल्या कॉलेजमध्ये अर्धी पोरं राधानगरी, पन्हाळा, कागल, करवीरच्या गावांतून एसटीच्या पासवर येतात. सकाळी म्हशीची धार काढून, दूध डेअरीला घालून मग गाडी धरतात. त्याला "सातला ये" म्हणणं म्हणजे "येऊ नकोस" म्हणणंच. राजारामपुरी, शिवाजी पेठेतल्या पोरांना सकाळची पाळी द्या, गावाकडच्यांना साडेनऊनंतरची. संध्याकाळी उलट: अंतिम सामना लांबला की गावची शेवटची गाडी चुकते. ज्याची गाडी ६ ची आहे त्याला साडेपाचला मोकळं करायचं. बक्षीस समारंभाला माणसं कमी पडली तरी चालतील.

मुलींच्या बाबतीत हे आणखी काटेकोर पाळा. वेळ पाळली नाही की घरून परवानगी पुढच्या वेळी मिळत नाही, आणि ती मुलगी क्लबमधून कायमची जाते. आणखी एक: मुलींना फक्त रांगोळी आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायला उभं करणं थांबवा. ज्या मुलीला बोनस रेषा झोपेतही दिसते, तिला गुच्छ धरून उभं करणं हा तिच्या खेळाचा अपमान आहे.

न शिकवता टेबलावर बसवणं

या चुकीबद्दल मला आजही वाईट वाटतं. कबड्डीत स्कोअररबरोबर दोन असिस्टंट स्कोअरर असतात. बाद झालेला खेळाडू राखीव चौकटीत जाऊन बसतो आणि ज्या क्रमानं बाद झाला त्याच क्रमानं परत जिवंत होतो. तो क्रम लिहून ठेवणं आणि त्यावर नजर ठेवणं हे असिस्टंट स्कोअररचं काम. मी पहिल्या वर्षाच्या एका पोराला तिथं बसवलं आणि म्हटलं, "काही नाही रे, फक्त नंबर लिहीत जा."

दुसऱ्या हाफमध्ये एकाच चढाईत दोन बचावपटू बाद झाले. त्यानं दोघांचे नंबर उलटे लिहिले. थोड्या वेळानं एक खेळाडू जिवंत होऊन आत गेला, तो नंतरचा होता. समोरच्या टीमचे मॅनेजर उठले, पंचांनी खेळ थांबवला, दहा मिनिटं वाद. तेवढा वेळ ते पोरगं मान खाली घालून पेनाचं टोपण काढत आणि लावत बसलं होतं. त्यानंतर ते क्लबच्या कुठल्याच कामाला आलं नाही. त्यानं काम टाळलं असं मी म्हणू शकत नाही. मीच त्याला उघड्यावर सोडलं होतं.

आता आम्ही स्पर्धेच्या दोन दिवस आधी सरावाचा सामना खऱ्या गुणपत्रिकेवर खेळवतो. शिट्टी, टाइमआउट, लोण, सगळं खरं. नव्या पोराशेजारी जुनं पोरगं बसतं. पूर्ण वेळेचा पुरुषांचा सामना म्हणजे २० मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटं. टाइमआउट धरून पाऊण तासाच्या वर जातो. दोन सामन्यांनंतर टेबलावरची जोडी बदलायची. तिसऱ्या सामन्याला डोळे थकतात आणि चुका तिथंच होतात.

मार्किंगचंही तसंच. "रेषा मारून घ्या" म्हणून सोडून देऊ नका. सुतळी, खुंट्या, टेप हातात द्या आणि सांगा: १३ बाय १० मीटरच्या मैदानाचे दोन्ही कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर भरले की कोपरे काटकोनात आहेत, मगच फक्की सोडायची. पोरगं स्वतः टेप धरून तो आकडा बघतं तेव्हा ते ग्राउंड त्याचं होतं.

धाक आणि खोटी आश्वासनं

"नाही आलास तर टीममधून काढीन" म्हटलं की पोरगं येतं, आणि दिवसभर मोबाईल घेऊन मंडपामागे बसतं. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) तास मिळतील असंही परस्पर सांगू नका. एनएसएसच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात हे खरं, पण हे काम त्यात धरायचं का ते कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ठरवायचं. आधी त्यांच्याशी बोला, मग पोरांना शब्द द्या.

पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला गेले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकून पैसे उभे केले, ही गोष्ट मी नव्या पोरांना दरवर्षी सांगतो आणि सांगत राहीन. खेळाडू कुणाच्या खांद्यावर उभा असतो हे त्यातून कळतं. पण नुसत्या गोष्टीनं सकाळी ८ ला कुणी येत नाही. त्याला त्याचं काम माहीत असावं लागतं.

जेवण

पंगतीत वाढपी शेवटी बसतात, पण घरची बाई त्यांची ताटं आधीच बाजूला काढून ठेवते. आपण ती ताटं काढत नाही. पंच आणि मॅनेजर जेवतात, पोरांपर्यंत पोचेतो भाजी संपलेली असते. स्वयंसेवकांची पाकिटं मोजून, नावं लिहून, सकाळीच एका खोलीत ठेवा आणि किल्ली एकाच माणसाकडे द्या.

ऐनवेळी कुणी आलं नाही तर

सकाळी फोनवर ओरडू नका. "बरं, तुझ्या जागी कोण येईल?" एवढंच विचारा; बहुतेक वेळा तो भावाला किंवा मित्राला पाठवतो. प्रत्येक ग्राउंडला एक माणूस बिनकामाचा, मोकळा ठेवा. पहिल्या तासात गळती तोच भरतो. तरीही माणसं कमी पडली तर कमान, बॅनर, रांगोळी सोडून द्या. स्कोअरचं टेबल, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी मात्र सोडू नका.

आणि त्याच संध्याकाळी, मंडप उतरायच्या आत, वहीत लिहा: कोणी काय केलं, कोण वेळेआधी आलं, कोणाची गाडी चुकली. ज्याची गाडी चुकली त्याच्या घरी फोन करा. बक्षीस समारंभात माइकवरून 'सर्व स्वयंसेवकांचे आभार' म्हणण्याऐवजी या वहीतली नावं कामासकट वाचा. दोन मिनिटं लागतात.

गेल्या वर्षी माझ्या वहीत एका मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं: कर्ण दोनदा मोजला, दुसऱ्यांदा चूक सापडली. यंदा मार्किंगच्या पानावर पहिलं नाव तिचं आहे. शुक्रवार, दुपारी ३ ते ५, हाताखाली पहिल्या वर्षाची दोन पोरं.