मोरचुदातून मूलद्रव्यं: आठवी ते दहावीच्या मुलांना अणू कसा शिकवावा

आठवीला 'अणूचे अंतरंग' हा धडा आला की मुलं पाठांतराला बसतात. हायड्रोजन, हेलियम, लिथियम असं वीसपर्यंत घडाघडा म्हणतात, आणि मोरचुदाचा खडा दाखवून "यात कोणती मूलद्रव्यं आहेत?" विचारलं की गप्प होतात. पाठांतर लागतंच, पण त्याची पाळी शेवटी. आधी पदार्थ हाताळावा, त्यातलं मूलद्रव्य डोळ्यांनी दिसावं, मग अणूकडे वळावं आणि मूलद्रव्यांचा तक्ता, म्हणजे आवर्तसारणी, त्यानंतर उघडावा. सांगली-साताऱ्याकडच्या घरांत यासाठी विकत आणावं असं फारसं काही नाही. द्राक्षबागेत मोरचूद असतं, डब्यात साखर असते, पडवीत खताची पोती असतात.

पहिली पायरी: मोरचुदातलं तांबं बाहेर काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते विषारी आहे, म्हणून मोठं माणूस शेजारी हवं, हातमोजे हवेत आणि स्वयंपाकाचं एकही भांडं वापरायचं नाही. टाकाऊ काचेची बरणी घ्या, तीत अर्धी बरणी पाणी आणि प्लास्टिकच्या चमच्यानं चमचाभर मोरचूद टाका. पाणी निळंशार होईपर्यंत ढवळा. साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, त्याला दोरा बांधा आणि अर्धा बुडेल असा सोडा. जस्ताचा मुलामा दिलेला पांढुरका खिळा घेऊ नका, त्यानं उत्तर गोंधळतं.

काही मिनिटांतच बुडालेला भाग तांबूस होतो. अर्ध्या तासानं थर चांगला दिसतो, नखानं खरवडला तर भुगा निघतो. रात्रभर ठेवलं तर पाण्याचा निळा रंग फिकट होऊन हिरवट झाक येते.

आता घाईनं समीकरण सांगू नका. मुलाला विचारा: तांबं आलं कुठून? खिळ्यात तर नव्हतं. पाण्यात तांब्याचा रंग दिसत नव्हता. उत्तर त्यालाच शोधू द्या, थोडा वेळ लागला तरी चालेल. तांबं त्या निळ्या खड्यातच होतं, गंधक आणि ऑक्सिजनच्या जोडीनं. लोहानं त्याची जागा घेतली आणि तांबं सुटं झालं. तांब्याचा एकही अणू नवा तयार झाला नाही, लोहाचा एकही नाहीसा झाला नाही. फक्त सोबती बदलले. या धड्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, आणि ते पाठ करून येत नाही.

तासगाव-पलूसकडचे बागायतदार हाच प्रयोग दर हंगामात करतात. बोर्डो म्हणजे द्राक्षांवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण. एक टक्का बोर्डोसाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना लागतो. मिश्रण तयार झालं की त्यात घासलेला लोखंडी विळा किंवा सुरी थोडा वेळ धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील. मग चुन्याची निवळी आणखी घालतात. बोर्डो लोखंडी पिंपात न करता प्लास्टिकच्या पिंपात का करतात, हे खिळा पाहिलेलं पोरगं आपणहून सांगेल. घरात किंवा भावकीत कुणाची बाग असेल तर फवारणीआधी ही परीक्षा मुलाला अवश्य दाखवा, लांब उभं करून.

उरलेलं निळं पाणी ओढ्यात, विहिरीत किंवा जनावरांच्या हौदात ओतू नका. बरणीला झाकण लावून शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन द्या.

दुसरी पायरी: साखर काळी करून पाहा

हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. जुन्या पळीत थोडी साखर घेऊन मंद आचेवर धरा आणि वर थोड्या अंतरावर थंड स्टीलची ताटली धरा. साखर वितळते, तपकिरी होते, शेवटी काळा फुगीर गोळा उरतो. ताटलीखाली पाण्याचे थेंब जमतात. काळा गोळा मुख्यतः कार्बन, आणि थेंबांत हायड्रोजन-ऑक्सिजन. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. वितळलेली साखर कातडीला चिकटून वाईट भाजते, तेव्हा पळी मोठ्यांच्याच हातात असू द्या.

हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिनही याच तीन मूलद्रव्यांचं आहे: कार्बन २१, हायड्रोजन २०, ऑक्सिजन ६. सांगलीच्या बाजारात ज्यांच्या वेगवेगळ्या पेढ्या आहेत ती साखर आणि तो हळदीचा रंग, दोन्हींची मूलद्रव्यं तीच. फरक संख्येत आणि मांडणीत. संयुग म्हणजे काय, ते इथं मुलाच्या वहीत त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या.

तिसरी पायरी: अणूच्या आत

आता मूळ प्रश्न येतो: बरणीत लोहाचं तांबं झालं का? नाही. लोहाच्या अणुकेंद्रकात, म्हणजे अणूच्या मधल्या गाभ्यात, २६ प्रोटॉन (धन प्रभाराचे कण) असतात, तांब्याच्या २९. प्रोटॉनची संख्या म्हणजे अणुअंक, आणि मूलद्रव्य कोणतं ते त्यावरच ठरतं. रासायनिक अभिक्रियेत केंद्रकाला धक्काही लागत नाही, देवघेव होते ती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. निळ्या पाण्यातल्या तांब्याच्या प्रत्येक कणात दोन इलेक्ट्रॉन कमी होते. लोहाच्या अणूनं आपले दोन दिले आणि ते तांबं धातू होऊन खिळ्यावर बसलं. केंद्रक आधीही २९ प्रोटॉनांचं, नंतरही २९ चंच.

केंद्रक इतकं सुरक्षित का, हे आकारावरून कळतं. शाळेच्या मैदानाच्या मध्यभागी जोंधळ्याचा एक दाणा ठेवा. तो तांब्याचं केंद्रक मानला तर अणूचा व्यास सुमारे १०० मीटर होईल. मुलांना खरोखर ५० मीटर चालायला लावा आणि तिथून वळून दाणा दिसतो का ते विचारा. रदरफर्डनं १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली ती सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडून. बहुतेक कण आरपार गेले, फार थोडे उलटे फिरले. मैदान चालून आलेल्या मुलाला यात नवल वाटत नाही.

आणि अणू स्वतः किती लहान? एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्या. तिच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळीनं सुमारे ४० लाख अणू बसतात.

इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या कवचांत आतून बाहेर किती किती इलेक्ट्रॉन आहेत ते, पहिल्या २० मूलद्रव्यांपुरतंच काढायला द्या: सोडियम २, ८, १, क्लोरीन २, ८, ७, कॅल्शियम २, ८, ८, २. लोह-तांब्याचं संरूपण या साध्या नियमात बसत नाही, ते अकरावीसाठी ठेवा.

चौथी पायरी: तक्ता स्वतः मांडा

जुन्या लग्नपत्रिकांचे २० तुकडे कापा. प्रत्येकावर नाव, संज्ञा, अणुअंक, संरूपण आणि ते मूलद्रव्य आपल्याकडे कुठं भेटतं ते लिहा. कॅल्शियम चुन्यात, पोटॅशियम बेदाण्यासाठी द्राक्षं वाळवण्याआधी बुडवतात त्या डिपिंगच्या द्रावणात, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन अजिंक्यताऱ्याच्या काळ्या पाषाणात. संज्ञेचं दुसरं अक्षर नेहमी लहान लिपीत, यावर कडक राहा. परीक्षेत तिथं गुण जातात.

मग जितकी कवचं तितक्या क्रमांकाच्या ओळीत चिठ्ठ्या लावा. चार ओळींत अनुक्रमे २, ८, ८, २ चिठ्ठ्या येतात. बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन सारखे असतील ते एकाखाली एक आणा, फक्त हेलियमला निऑनच्या वर बसवा. लिथियम, सोडियम, पोटॅशियम एका उभ्या रांगेत आले की आवर्तसारणीचा कोपरा तयार झाला. मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं अशीच मांडली, पण अणुवस्तुमानाच्या क्रमानं, आणि काही जागा मोकळ्या सोडल्या. ॲल्युमिनियमच्या खालच्या मोकळ्या जागेत १८७५ मध्ये गॅलियम सापडलं. १९१३ मध्ये मोस्ले यांनी अणुअंक हा पाया दाखवला. आज एकूण ११८ मूलद्रव्यं आहेत. मुलाला २० क्रमानं यावीत, बाकीची ओळखीची पुरेत. पाठांतर आता करा, आठवड्यात होतं.

पाचवी पायरी: खताच्या पोत्यावर गणित

नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द शेतकऱ्याच्या घरात रोजचे. म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. युरियाच्या रेणूत कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४. वस्तुमान १२ + १६ + २८ + ४ = ६०. त्यात नायट्रोजन २८, म्हणजे जवळपास ४६.७ टक्के. पोत्यावर ४६ टक्के छापलेलं असतं, ते मुलाला स्वतः वाचू द्या. ४५ किलोच्या पोत्यात नत्र सुमारे २०.७ किलो.

१०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) च्या पोत्याला मात्र जपून. तिथले २६ हे शुद्ध फॉस्फरसचे नाहीत, फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबानं मोजलेले आहेत, आणि पालाशचे २६ पोटॅशियम ऑक्साइडच्या. पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरस ४४ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ५० किलोच्या पोत्यात फॉस्फरस भरतो सुमारे ५.७ किलो, १३ नव्हे. पोटॅशियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियम ८३ टक्के धरून पालाशचं गणित मुलालाच करू द्या, उत्तर १०.८ किलोच्या जवळ यायला हवं.